पत्र्याखालच्या फळ्या

लोधीखेडा
२७ ऑगस्ट १९५६

मामा,

दुरूनच पायांवर डोकं ठेवतो. आई गेल्यापासून तुम्हाला पत्र लिहिलं नाही, चूक माझी. काम पडलं तेव्हा भाच्याला आठवण झाली असं म्हणाल, तर तेही खरंच आहे.

आमची पाखरी तुम्ही पाहिलेली नाही. पांढरीशुभ्र घोडी, आता सहावं वर्ष लागलं. बाबांनी संत्र्याची बाग लावली, घोडीचा नाद मी लावून घेतला. नवरदेवाला बसवायला अशी घोडी सौसर-पांढुर्णा मिळून दुसरी नाही. गेल्या उन्हाळ्यात एकवीस लग्नं केली, पण सगळी पायी. मे महिन्यात तिगावचं लग्न होतं. दोन दिवस चालवत नेलं. पोचलो तेव्हा तिचा डावा पाय सुजलेला, खाली टेकवेना. नवरदेव पायी मांडवात गेला. त्याच्या काकानं चार लोकांत मला विचारलं, "घोडी आणली का मढं आणलं?" मामा, तो शब्द अजून कानातून जाऊन नाही राहिला.

छोट्या लाइनीच्या डब्यात ती चढत नाही, आणि चढली तरी ती रेल्वे पांढुर्ण्याकडे जात नाही. म्हणून ठरवलं, घोडे न्यायची जुनी लॉरी घ्यायची. लढाईतल्या अशा लॉऱ्या कामठीला विकायला आहेत असं ऐकलं. सावनेरच्या संत्रा व्यापाऱ्याची गाडी मी दोन वर्षं चालवली, तेव्हा चालवायची चिंता नाही. पण गाडी चालवणं वेगळं आणि ओळखणं वेगळं. तुम्ही तीस वर्षं मोटरीचे फिटर होते. जाऊन पाहा आणि कोणती घेऊ ते सांगा.

घाई यासाठी, की एक नोव्हेंबरला राज्यं बदलून राहिली. तुमची कामठी मुंबई राज्यात जाणार, आम्ही मध्य प्रदेशातच राहणार, भोपाळ आमची राजधानी. मग गाडीचे कागद एका राज्यात आणि गाडी दुसऱ्यात. त्याआधी सारं उरकलं पाहिजे. तुळशीच्या लग्नानंतर आमचे मुहूर्त सुरू होतात.

कलानं नमस्कार सांगितला आहे.

तुमचा,
गुणवंता


कामठी
७ सप्टेंबर १९५६

चि. गुणवंता,

ताईच्या तेरवीनंतर तुझं अक्षर आज पाहिलं. रागावलो नाही. काम पडल्यावर येते तीही आठवणच.

पत्र आलं त्याच दिवशी गेलो. एका शेठनं लिलावात घेतलेल्या लॉऱ्या नागपूरच्या रस्त्याला मांडून ठेवल्या आहेत. घोडे न्यायच्या अशा दोन आहेत, एक तांबडी आणि एक हिरवी.

तांबडी दिसायला वाईट आहे. रंगाचे पोपडे निघालेत, दार एका अंगाला लोंबतं. पण जुनी गाडी घेताना लोक इंजिनाचा आवाज ऐकतात, टायरला लाथ मारून पाहतात. मी आधी हे पाहतो, की माझा हात कुठवर पोचतो. जुनी गाडी बिघडणारच. बिघडली की तिच्यात शिरता आलं पाहिजे. तांबडीचं बॉनेट दोन्ही बाजूंनी उघडतं. स्प्रिंगच्या पाट्यांच्या पिनांना ग्रीस द्यायला खाली निजावं लागत नाही, उकिडवं बसून हात जातो. आणि मुख्य म्हणजे तळ. घोड्याखालच्या फळ्या नट-बोल्टांनी बसवल्या आहेत. एक पाना घेतला की फळी सुटते, आणि खालची चासी, ब्रेकचे दांडे, गिअरबॉक्स सारं डोळ्यांसमोर. घोड्याचं मूत लाकूड खातं, लोखंडालाही सोडत नाही. पंधरा दिवसांनी फळ्या काढून, धुऊन, उन्हात वाळवून पुन्हा बसवता येतील अशीच गाडी तुला पाहिजे. दोन फळ्या बदलाव्या लागतील, तेवढंच.

हिरवी लांबून पाहिली. घेण्यासारखी नाही.

एक विचारायचं राहिलं. गाडी तू चालवशील, पण मागे घोडीजवळ कोण उभं राहील? का ती एकटी राहते? हे नक्की कळव.

कलाबाईंना आशीर्वाद.

रघुनाथ


लोधीखेडा
१८ सप्टेंबर १९५६

मामा,

तुमचं पत्र मिळालं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीची दगडफेक पाहायला पांढुर्ण्याला गेलो होतो, तिथं तिघांनी विचारलं, "काय गुणवंता, गाडी आली का?" बातमी माझ्या आधी फिरून राहिली.

एक गोष्ट कबूल करतो. परवा रविवारी मी कामठीला येऊन गेलो. तुमच्याकडे आलो नाही. शेठकडे जाऊन दोन्ही गाड्या पाहिल्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत फिरलो. तुमच्या घरी आलो असतो तर तुम्ही पुन्हा तांबडीचंच सांगितलं असतं, आणि तोंडावर नाही म्हणणं मला जमलं नसतं.

मामा, तांबडी म्हणजे कोळशाची गाडी. तिच्यातून लग्नाची घोडी उतरली तर वरमाय ओवाळेल का? हिरवी पाहा. आत दोन्ही अंगांना गादी मारलेली, घोडी घासली जाणार नाही. घोडी चढवायची उतरण भक्कम. आणि तळ तर एकसंध लोखंडी पत्र्याचा, फळी फाटायचा प्रश्नच नाही. बादलीभर पाणी ओतलं की साफ. शेठ म्हणाला, "ही दहा वर्षं तळाकडे पाहायला लावणार नाही." मला तर तेच पाहिजे. दर पंधरा दिवसांनी पाना घेऊन बसायला मी मिस्त्री नाही.

हिरवीत काय खोट आहे ते स्पष्ट लिहा. नुसतं "घेण्यासारखी नाही" हे मला पुरत नाही.

गुणवंता


कामठी
२५ सप्टेंबर १९५६

चि. गुणवंता,

येऊन परस्पर गेलास, याचं वाईट वाटलं. भाकरी तरी खाऊन गेला असतास.

खोट विचारतोस. जे उघडत नाही तीच खोट. तो पत्रा रिबिटं मारून कायमचा बसवला आहे, बोल्टासारखी ती पान्यानं सुटत नाहीत. खाली काय आहे ते तू पाहिलं नाहीस, शेठनं पाहिलं नाही, आणि पाहायचं म्हटलं तर छिन्नी-हातोडा लागेल. वरून ओतलेलं पाणी साफ होऊन कुठं जातं? सांध्यातून खाली उतरतं आणि पत्रा त्याला वाळू देत नाही. ब्रेकचा दांडा सुटला तर रस्त्यात तू कुठून हात घालणार? दहा वर्षं तळाकडे पाहावं लागणार नाही, हे गाडीचं कौतुक नव्हे. ती धोक्याची सूचना समज.

दिसणंच पाहिजे असेल तर तांबडीला रंग दे. मी येऊन देईन. दार सरळ करीन.

मागे कोण उभं राहणार, ते तू लिहिलं नाहीस. दुसऱ्यांदा विचारतो.

रघुनाथ


लोधीखेडा
३ ऑक्टोबर १९५६

मामा,

आता मोकळंच लिहितो, राग आला तर येऊ द्या.

हिरवीचं मी ठरवलं. शेठला विसाराचे पैसे दिले आहेत. बारा तारखेला येऊन गाडी आणतो, दसऱ्याला पूजा करतो. एक तारीख डोक्यावर आहे. सौसरच्या कचेरीत जो तो एकच सांगते, आज करा, उद्या कोणता साहेब कुठं बदलून जाईल भरवसा नाही. मी महिनाभर तुमच्या पत्रांची वाट पाहून राहिलो आणि तुम्ही मला ग्रीस आणि पाने शिकवून राहिले.

शेठ एक बोलला ते लिहावं की नाही, दोन दिवस विचार केला. तो म्हणाला, "तुमचे मामा तांबड्या गाडीच्या जुन्या मालकासोबत चहा पिताना दिसले." मी ऐकून घेतलं. तुम्हाला काही मिळणार असेल तर तसं सरळ सांगायचं होतं. तुम्ही परके नाही. पण तुम्ही काहीतरी लपवता, एवढं मला कळते. हिरवीचं नाव निघालं की तुमचं पत्र आखडते.

मागे कोण राहणार हे इतक्यांदा विचारलं, तर सांगतो. कला राहील. पाखरी दुसऱ्या कोणाला मानत नाही. शिंगरू होती तेव्हा तिची माय मेली, कलानंच तिला वाटीनं दूध पाजून जगवली. गाडी हलली की ती बिथरेल, पण कला मानेशी उभी राहून बोलत राहिली तर कुठंही जाईल. कला म्हणते, "मी उभीच काय, बसूनही जाईन तिच्या पायाशी." तेव्हा त्याची काळजी नको.

गुणवंता


कामठी
९ ऑक्टोबर १९५६
ताबडतोब

चि. गुणवंता,

कलाबाईला त्या गाडीत मागे उभी करू नकोस. हे आधी वाच, बाकीचं सवडीनं वाच.

चहा प्यालो. तांबडीचा तळ कधी बदलला ते विचारायला प्यालो. दलाली घेतली नाही. पण मी लपवतो आहे हे तू बरोबर ओळखलंस.

हिरवी लांबून पाहिली असं लिहिलं ते खोटं. मी तिच्यात चढलो होतो. तळावर गुडघे टेकून बसलो होतो. पत्र्याच्या उजव्या कोपऱ्यात रिबिटांच्या जागी दोन बोल्ट ठोकून चपटे केले आहेत, कारण तिथं रिबिटं संपली होती. मला माहीत आहे, कारण ते ठोकणारा मी.

चव्वेचाळीसचा पावसाळा. मी तेव्हा एका ठेकेदाराच्या कारखान्यात होतो. लढाईसाठी खेचरं-घोडे पोचवायचा ठेका त्याच्याकडे होता. चार लॉऱ्या तळ पाहायला आल्या. फळ्या सडलेल्या. मी म्हटलं, "लाकूड बदलावं लागेल." मोठा मिस्त्री म्हणाला, "लाकूड पुढच्या महिन्यात. जनावरं बुधवारी जायची आहेत. पत्रा मार." मी म्हटलं, "मग बोल्टनं मारतो, पुढं उघडता येईल." तो म्हणाला, "रिबिट मार, म्हणजे कोणी उघडणार नाही." मी चारी गाड्यांना पत्रा मारला आणि वहीत सही केली, तळ तपासला, ठीक आहे.

त्यातल्या दुसऱ्या एका गाडीसोबत नत्थूजी होता. जनावरांचा माणूस. आम्ही एकाच चाळीत राहायचो, त्याच्या मुलीला मी खांद्यावर खेळवली होती. तो मागेच उभा राहायचा, दोन खेचरांच्या मध्ये. आठव्या दिवशी रस्त्यात खेचराचा पाय पत्र्यासकट खाली गेला आणि ते अंगावर पडलं. नत्थूजीचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. चौकशीत मोठा मिस्त्री म्हणाला, नत्थूजी दारू प्याला होता, जनावर बांधलंच नव्हतं. मग साहेबानं मला विचारलं, "तळ बरोबर होता?" नत्थूजी समोर बाकावर बसला होता, कुबडी आडवी धरून. मी म्हटलं, "होता, साहेब." त्याला एक पैसा न देता काढून टाकलं. माझी नोकरी राहिली.

म्हणून मी तुला हिरवीचं कारण सांगू शकलो नाही. कारण सांगायचं म्हणजे हे सांगायचं. ग्रीसच्या आणि पान्याच्या गोष्टी खऱ्या होत्या, पण मी त्यांच्या आडोशाला बसलो होतो.

तोंडानं सांगायला आलो तर ऐन वेळी पुन्हा दुसरंच बोलेन, म्हणून लिहून पाठवतो. पत्रा उघडल्याशिवाय त्यावर कोणालाही उभं करू नकोस.

रघुनाथ


लोधीखेडा
१९ ऑक्टोबर १९५६

मामाजींच्या पाया पडते.

मी कला. पत्र पहिल्यांदाच लिहून राहिली, चुका पोटात घालजा. रजनीबाई मास्तरीण दुपारी आम्हा बायांना अक्षरं शिकवते, म्हून जमलं.

तुमचं पत्र शुक्रवारी आलं. हे सकाळीच गाडी आणाले कामठीले गेले होते. नाव यांचं होतं, फोडाचं नव्हतं. पन वर ताबडतोब लिहिलं होतं म्हून फोडलं. अक्षर अक्षर लावून वाचलं. माझं नाव आलं तिथं दोनदा वाचलं.

दिवेलागणीले हे गाडी घेऊन आले. सारा मोहल्ला गोळा झाला. यांचं तोंड असं फुललं होतं का माझ्याच्यानं बोलवलं नाही. शनिवारीही पोटातच ठेवलं. खोटं कायले सांगू, मलेही भेव वाटलं. तेव्हा तुमचं बारा वर्षांचं मले थोडंसं कळलं.

रविवारी दसरा. गाडीले आंब्याची तोरणं, झेंडूच्या माळा. पाखरीले मी न्हाऊ घातलं, झूल टाकली. पहिली खेप जामसावळीच्या मारुतीले न्यायची ठरली होती. नारळ फुटला. हे म्हणाले, "कला, चढव तिले."

मी उतरणीवर बसून गेली. म्हटलं, "नाही चढवत."

"काऊन?"

"आधी पत्रा काढा."

लोक हसाले लागले. हे जवळ येऊन हळू म्हणाले, "ऊठ. चारचौघांत तमाशा नको करू."

मी म्हटलं, "मामाजींचं पत्र आलं. थो पत्रा त्यांनीच मारला हाय. खाली फळ्या सडल्या हायत."

यांचं तोंड उतरलं. "माझं पत्र तू वाचलं?" एवढंच म्हणाले.

रामाजी लोहार गर्दीतच होता. तो म्हणाला, "गुणवंता, बाई सणाच्या दिवशी अशी उगाच नाही बसत. चार रिबिटं कापून पाहू. काही नसलं तर मीच ठोकून देतो, फुकट." त्यानं छिन्नी लावली. कोपरा उचलला आन् असा वास आला का पुढचे लोक मागं सरले. मधल्या तीन फळ्या काळ्या पडल्या होत्या, दाबलं तर बोट आत जाये. रामाजीनं हातोड्याचा दांडा नुसता टेकवला, थो आरपार खाली गेला. तिथंच पाखरीचे पाय आले असते. आन् माझे.

कोणी हसलं नाही मग. एक एक करून सारे घरी गेले. हे तोरणं काढत बसले.

तेव्हापासून हे माझ्याशी भाकरीपुरतं बोलतात. तुमचं तर नाव नाही. काल एवढंच म्हणाले, "मामा कामठीत बसले होते. पत्र टाकाले पोस्टात गेले, माझ्यापर्यंत चालत नाही आले." याचं उत्तर तुमीच द्या.

आन् एक. नत्थूजीचं पुढं काय झालं? जिवंत हायत का? तुमच्या पत्रात ते नाही.

कला


तिगाव
७ नोव्हेंबर १९५६

चि. गुणवंता आणि चि. कलाबाई,

कलाबाईंच्या पत्रातल्या दोन प्रश्नांनी मला घरात बसू दिलं नाही. दिवाळीतही दाराआड फेऱ्या घालत होतो.

पहिल्याचं उत्तर. बारा तारखेला मी शेठच्या जागेसमोरच्या चहाच्या टपरीवर बसलो होतो. गुणवंता, तू इंजिन सुरू केलंस, हात काढून शेठला नमस्कार केलास, तेही पाहिलं. उठावं म्हटलं. पत्र गेलं आहे, तो घरी जाऊन वाचेलच, असं मनाशी म्हणत कपातला चहा निवेपर्यंत बसून राहिलो. याला कारण नाही. असा मी आहे.

दुसऱ्याचं उत्तर शोधायला आलो. जुन्या चाळीत विचारलं तेव्हा कळलं, नत्थूजी जिवंत आहे. बायको गेल्यावर तो मुलीकडे तिगावला आला, जावई मोरेश्वर इथं रेल्वेत खलाशी आहे. तुमच्याच बाजूला राहतो, आणि बारा वर्षांत मी कधी विचारलंसुद्धा नाही. रविवारी पॅसेंजरनं उतरलो. तो ओसरीवर दोर वळत बसला होता. केस सगळे गेले. मला पाहिलं आणि दोर बाजूला ठेवला.

"रघुनाथ मिस्त्री," म्हणाला. "बारा साल लागले तुले."

मी सगळं सांगितलं. पत्रा, रिबिटं, वहीतली सही. त्यानं मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाला, "मले माहीत होतं. त्या दिवशी खेचर चढत नव्हतं. जनावर वासानं सांगते. मी काठीनं हाणून चढवलं. ती चूक माझ्याकडं. तुझं तुझ्याकडं."

मी पाय धरायला वाकलो तर त्यानं पाय आखडून घेतला. "माफी नको मांगू. कागद लिहून दे. पोरगी मानते, पन जावई समजते का मी दारू पिऊन पाय घालवला. भांडण झालं का तेच काढते. कागद लिहून दे का मी प्यालो नव्हतो."

तिथंच लिहिला. सही केली. मोरेश्वर ड्युटीवरून आल्यावर त्याला वाचून दाखवला. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, "कागद काय, कोणीही लिहिते. बाबाजीनं जुना दोस्त बोलावून लिहून घेतला असं लोक म्हणतील. मीही म्हणीन." नत्थूजी पुन्हा दोर वळायला लागला. त्या बोटांकडे मला पाहवलं नाही.

म्हणून मागतो. त्या सडक्या फळ्यांपैकी एखादी जाळायची राहिली असेल तर कोणाच्या तरी हातून तिगावला पाठवा. गुणवंता, तू माझ्याशी बोलू नकोस, मला पाहू नकोस, तो हक्क तुझा. पण फळी पाठव. परवा सकाळी मी कामठीला परततो.

गाडीच्या तळाचं सांगून ठेवतो. नव्या फळ्या बोल्टनं बसवा, दोन फळ्यांत बोटभर फट ठेवा. मधल्या तीन फळ्या वेगळ्या उचलता आल्या पाहिजेत.

रघुनाथ


लोधीखेडा
१५ नोव्हेंबर १९५६

मामा,

नमस्कार करतो.

फळ्या जाळल्या नव्हत्या. गोठ्यामागे टाकल्या होत्या, आणि मी रोज जाऊन त्या पाहायचो. कलाला ते माहीत होतं. तुमचं पत्र तिनं वाचलं, मग माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "आता हे तुमच्या नावाचं हाय, माझ्याही नावाचं हाय. मी माझ्यापुरतं ठरवलं. फळी घेऊन मी जाते." मग मी म्हटलं, चल.

गाडीचा तळ तोवर झाला होता. रामाजीनं आणि मी बसवला. बाभळीच्या जाड फळ्या, सगळे नट-बोल्ट, रिबिट एकही नाही. मधल्या तीन फळ्यांना कड्या लावल्या. उचलल्या की खांद्यापर्यंत हात खाली जातो. पाखरीला चढवायच्या आधी मी स्वतः त्यावर उड्या मारल्या, रामाजीला मारायला लावल्या. मग कला तिला घेऊन चढली. सौसर येईपर्यंत घोडी थरथरून राहिली होती. नंतर मागून कलाचं बोलणं ऐकू येऊन राहिलं आणि टापा थांबल्या.

रविवारी दुपारी तिगावला पोचलो. तुम्ही दोन दिवस आधी गेले होते. मोरेश्वर घरीच होता. मी फळी त्याच्यापुढे ठेवली. त्यानं उलटीपालटी केली, अंगठा दाबला, अंगठा आत गेला.

"ही तर तुमच्या गाडीची आहे," तो म्हणाला. "बाबाजीच्या गाडीची नाही."

मी म्हटलं, "चारी गाड्यांना एकाच आठवड्यात पत्रा मारला. एकाच माणसानं."

"कोणत्या?"

घरून निघताना ठरवलं होतं, नाव घ्यायचं नाही, फळी द्यायची आणि परत फिरायचं. पण म्हातारा माझ्याकडे पाहून राहिला होता. मी म्हटलं, "माझ्या मामानं. माझ्या आईच्या सख्ख्या भावानं. तुम्हाला वाचून दाखवला तो कागद खरा आहे."

मोरेश्वरनं फळी उचलली आणि सासऱ्याच्या मांडीवर नेऊन ठेवली. नत्थूजीनं ती नाकापाशी धरली. "हाच," म्हणाले. "हाच वास." मोरेश्वर खाली बसला. त्याचं बोलणं मला नीट ऐकू आलं नाही, मी तोंड फिरवलं होतं. म्हाताऱ्याचं तेवढं ऐकू आलं, "जाऊ दे. तुले कोणी सांगतलं नव्हतं." त्यांची मुलगी दारात उभी राहून रडत होती आणि कला तिचा हात धरून होती.

मग नत्थूजी म्हणाले, मला घोडी दाखव. कुबडी टेकत उतरणीपर्यंत आले. वर चढू का म्हणून विचारलं. मोरेश्वरनं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. पाखरी, जी माझंही ऐकत नाही, तिनं मान खाली घेतली. त्यांनी पायानं नाही, कुबडीनं एकेक फळी ठोकून पाहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मधली कडी उचलायला लावली, खाली वाकून पाहिलं. "आता बरं हाय," म्हणाले.

निघताना मी विचारलं, मामांना काय सांगू? त्यांनी पाखरीच्या मानेवरून हात फिरवला.

"सांग, मी माफ नाही केलं," म्हणाले. "पन येत जाय म्हनाव. त्या दिवसांचं बोलाले दुसरं कोनी राहिलं नाही."

मामा, मीही सगळं विसरलो असं लिहिणार नाही. दलालीचं मी लिहिलं ते चुकलं, त्याची माफी मागतो. पण तुम्ही टपरीवर बसून राहिले, ते गाडी सुरू करताना रोज आठवते. आठवत राहील. कला म्हणते, ज्या माणसानं स्वतःहून ते लिहिलं त्याला घरी आणा. माझ्या मनातून अजून पुरतं येऊन नाही राहिलं, पण मी येतो.

पहिलं लग्न पंचवीस तारखेला पांढुर्ण्याला आहे. उतारावर गाडी डावीकडे ओढते. ब्रेकच्या दांड्याचं काहीतरी आहे, हात पोचतो पण काय करायचं ते मला कळत नाही. मंगळवारी सकाळी निघतो. आता तुमचं राज्य वेगळं, नाक्यावर कागद पाहतात, म्हणून दुपार होईल. जेवून घेऊ नका, कला भाकरी बांधून देणार आहे. पाने काढून ठेवा. तुम्हाला घेऊन परतताना तिगाववरून जाऊ.

गुणवंता